फँटसी मालिकेचा पुढचा भाग स्वतः प्रकाशित करताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

मालिकेचा पहिला भाग स्वतः प्रकाशित केलेले लेखक दुसऱ्या-तिसऱ्या भागाच्या वेळी निर्धास्त असतात. ईपब (ई-पुस्तकाची) फाइल कशी बनवायची हे माहीत असतं, खातं उघडलेलं असतं, चित्रकार ठरलेला असतो. घोटाळे मात्र याच टप्प्यावर सुरू होतात. नवा भाग आधीच्या भागांना बांधलेला असतो: त्यांतल्या तपशिलांना, त्यांच्या आकाराला आणि कागदाला, मालिकेच्या नावातल्या प्रत्येक अक्षराला. आधीचे भाग वाचकांच्या हातात गेलेले असतात, त्यामुळे जुळवून घ्यायचं ते नव्या भागानेच.

खालचा क्रम मोडू नका. बहुतेक नुकसान होतं ते कामं उलटसुलट केल्यामुळे. पानसंख्या ठरायच्या आधी पूर्ण मुखपृष्ठ बनवलं जातं, कथानकातले बदल व्हायच्या आधी शुद्धलेखन तपासलं जातं, फाइल तयार नसताना तारीख जाहीर होते.

## १. आधीचे भाग पुन्हा वाचा, तेही प्रकाशित प्रतीतून

स्वतःच्या संगणकावरचा मसुदा उघडू नका. संपादनात आणि प्रूफात झालेले बदल बहुतेकदा त्या मसुद्यात परत गेलेले नसतात. वाचकाने जे वाचलं तेच प्रमाण, म्हणून छापील प्रत किंवा विक्रीला असलेली ई-पुस्तकाची फाइल घ्या.

वाचताना भाषेच्या चुका शोधत बसू नका. पेन्सिल घेऊन फक्त चार गोष्टींवर खुणा करा:

- ठरवून सांगितलेली तथ्यं (वय, नातं, डोळ्यांचा रंग, कोणत्या हाताला जखम, शहर नदीच्या कोणत्या काठावर)
- जादूबद्दल केलेलं प्रत्येक विधान, ते पात्राच्या तोंडी असलं तरी
- कोणाला कोणतं गुपित कधी कळलं
- अर्धवट सोडलेले धागे

तिसऱ्या मुद्द्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. डोळ्यांचा रंग चुकला तर वाचक माफ करतो. पण पहिल्या भागाच्या शेवटी ज्या पात्राला आपला बाप कोण हे कळलंय, ते तिसऱ्या भागात अनभिज्ञ असल्यासारखं वागलं, तर सगळा प्रसंगच कोसळतो. लेखकाला सगळंच माहीत असतं, म्हणून त्याला ही चूक दिसत नाही.

## २. कथाविश्वाची वही बनवा

खुणा केलेल्या नोंदी एका ठिकाणी आणा. तक्ता, साधी वर्ड फाइल, वही, जे सोयीचं असेल ते. प्रत्येक नोंदीसमोर भाग आणि प्रकरण लिहा. संदर्भ नसलेली नोंद सहा महिन्यांनी निरुपयोगी ठरते, कारण ती प्रकाशित पुस्तकातली आहे की तुमच्या मनातली, हे तुम्हालाच सांगता येत नाही.

नावं. नावाचं एकच अधिकृत लेखन ठरवा, त्याचं सामान्यरूपही लिहून ठेवा. काल्पनिक नावांना विभक्ती लागली की ती दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. 'व्हेरान'चं सामान्यरूप 'व्हेराना' होतं की नाव तसंच राहतं, हे पहिल्या भागात जे केलं तेच पुढे चालू ठेवा. देवता, पदव्या, मापं, नाणी, महिने यांनाही हेच लागू.

कालरेषा. प्रत्येक प्रकरणापुढे कथेतला दिवस लिहा. दोन कथानकं समांतर चालत असतील तर दोन रकाने करा. एका रकान्यात हिवाळा आणि दुसऱ्यात पेरणी सुरू असेल तर ते आत्ताच दिसेल.

अंतरं. धडधाकट माणूस बऱ्या रस्त्याने दिवसाला साधारण २५ ते ३० किलोमीटर चालतो. गाड्या आणि सामानासकट निघालेली मोठी सेना त्याहून कमी अंतर कापते. घोडा सलग काही दिवस मजल मारणार असेल तर त्याला चारा, पाणी, विश्रांती लागते. तो दिवसभर चौखूर उधळत नाही. नकाशावर प्रमाणपट्टी छापली असेल तर वाचक फूटपट्टी लावतात, हे गृहीत धरा.

जादूचे नियम. तीन रकाने पुरतात: काय करता येतं, त्याची किंमत काय, काय कधीच करता येत नाही. नव्या भागात नवी शक्ती आणायची असेल तर स्वतःला एक प्रश्न विचारा. ही शक्ती आधीपासून होती, तर मागच्या भागातल्या संकटात ती का वापरली नाही? पटणारं उत्तर नसेल तर शक्ती बदला. स्पष्टीकरणाचा परिच्छेद घालून हे भगदाड बुजत नाही.

> तपासा: अर्धवट धाग्यांच्या यादीत प्रत्येक धाग्यापुढे 'या भागात सुटतो', 'पुढे जातो' किंवा 'सोडून दिला' असं लिहिलंय का? पुढे जाणाऱ्या धाग्याची निदान एकदा आठवण करून द्यावी लागते, नाहीतर लेखक विसरला असंच वाचक समजतो.

## ३. संपादनाच्या फेऱ्या क्रमानेच करा

१. रचनेचं संपादन. कथानक, पात्रं, गती, प्रसंगांचा क्रम. या फेरीत प्रकरणं कापली जातात, नवी लिहिली जातात.
२. वाक्यपातळीवरचं संपादन. भाषा, संवाद, पुनरुक्ती.
३. प्रत-संपादन. शुद्धलेखन, विरामचिन्हं, नावांची एकवाक्यता. कथाविश्वाची वही संपादकाला इथे द्यायची. न दिल्यास तो प्रत्येक काल्पनिक नावाबद्दल अंदाज बांधेल.
४. मुद्रितशोधन. हे पानांची मांडणी झाल्यावर, तयार पानांवरच करायचं.

पहिल्या फेरीआधी तिसरीवर पैसे खर्च करणं ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. शुद्ध केलेली तीस पानं रचनेच्या फेरीत कापली गेली तर तो खर्च वाया जातो, आणि नव्याने लिहिलेल्या तीस पानांवर कोणाची नजरच पडत नाही.

आधीच्या भागांचा प्रत-संपादक उपलब्ध असेल तर तोच घ्या. नवा असेल तर त्याला आधीचे भाग वाचायला वेळ द्या आणि त्या वाचनाचे पैसेही द्या. फुकट अपेक्षा ठेवली तर ते वाचन होणार नाही.

## ४. चाचणी-वाचक: दोन गट, दोन वेगळे प्रश्न

एका गटात मालिकेशी एकनिष्ठ वाचक घ्या. त्यांना विसंगती शोधायला सांगा. दुसऱ्या गटात आधीचा भाग बऱ्याच काळापूर्वी वाचून विसरलेले लोक घ्या, आणि त्यांना एवढंच विचारा: कोणत्या पानावर कोण कोण आहे हे कळेनासं झालं?

दुसरा गट जास्त महत्त्वाचा आहे. प्रत्यक्षात तुमचा बहुसंख्य वाचक तोच असतो. दोन भागांच्या मध्ये त्याने इतर पुस्तकं वाचलेली असतात, त्याला नायक आठवतो आणि दुय्यम पात्रं पुसट झालेली असतात. पात्र पहिल्यांदा येतं त्या प्रसंगात त्याची एखादी ठळक खूण आणि नायकाशी असलेलं नातं ओघात आलं, की पुरतं. आधी घडलेलं सगळं दोन पात्रांच्या संवादातून वदवून घेऊ नका. ज्या गोष्टी दोघांनाही ठाऊक आहेत त्या ती एकमेकांना सांगत बसत नाहीत.

> इशारा: मजकूर इथे गोठवा. यापुढे फक्त चुका दुरुस्त होतील, नवे प्रसंग येणार नाहीत. हा नियम मोडलात तर पुढचे सगळे टप्पे पुन्हा करावे लागतील.

## ५. पुस्तकाच्या सुरुवातीला काय, शेवटी काय

फँटसी कादंबरीत नकाशा, पात्रपरिचय, वंशावळ, शब्दसूची, 'आधी काय घडलं' असं बरंच काही असतं. ते सगळं सुरुवातीला टाकायची सवय आहे. ई-पुस्तकात ती नडते. किंडलवर मोफत वाचायला मिळणारा नमुना पुस्तकाच्या सुरुवातीचा साधारण १० टक्के असतो. पंचवीस पानं याद्यांत गेली तर वाचकाला कथेचा नमुना फारच थोडा मिळतो.

माझं मत असं: सुरुवातीला शीर्षकपान, हक्कांची नोंद, अर्पणपत्रिका, नकाशा आणि एका पानाचा गतकथेचा सारांश. पात्रपरिचय आणि शब्दसूची शेवटी. ई-पुस्तकात अनुक्रमणिकेतून त्यांच्यापर्यंत दुवा द्या.

गतकथा लिहिताना पुढच्या भागाला लागणारं तेवढंच घ्या. मागच्या भागातली लढाई कितीही रंगली असली, तरी तिचा परिणाम एका वाक्यात मावतो. सारांश पूर्ण झाल्यावर तो दुसऱ्या गटातल्या एखाद्या वाचकाला द्या आणि मग पहिलं प्रकरण वाचायला सांगा.

शेवटच्या पानांत आधीच्या भागांची क्रमवार यादी, पुढच्या भागाबद्दल दोन ओळी आणि वार्तापत्राचा दुवा असावा. इथे एक खाचखळगा आहे. ॲपलच्या दुकानात जाणाऱ्या फाइलमध्ये ॲमेझॉनचा दुवा असला तर ती नाकारली जाते. एकाहून जास्त दुकानांत विकणार असाल तर प्रत्येकासाठी शेवटची पानं वेगळी करा, किंवा सगळे दुवे तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळाकडे वळवा.

## ६. मांडणी: आधीच्या भागाचा साचा जसाच्या तसा वापरू नका

फाँट, ओळींमधलं अंतर, प्रकरणाच्या शीर्षकाची सजावट, प्रसंगबदलाची खूण हे सगळं आधीच्या भागासारखंच हवं. समास मात्र पानसंख्येप्रमाणे बदलतात, आणि मालिकेचे भाग सहसा जाड होत जातात.

ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशनाच्या सेवेत कागदी पुस्तकाच्या आतल्या समासाचं, म्हणजे बांधणीच्या बाजूच्या समासाचं किमान माप असं आहे:

- १५१ ते ३०० पानं: ०.५ इंच
- ३०१ ते ५०० पानं: ०.६२५ इंच
- ५०१ ते ७०० पानं: ०.७५ इंच

पहिला भाग २९० पानांचा आणि तिसरा ५६० पानांचा असेल, तर पहिल्याचा साचा तिसऱ्याला चालणार नाही. समास वाढवला की ओळ अरुंद होते आणि पानं आणखी वाढतात. म्हणून समास आधी ठरवा, मग पानसंख्या मोजा. पानसंख्येला कमाल मर्यादाही आहे. ६ बाय ९ इंच आकारात काळ्या शाईच्या छपाईसाठी ती पांढऱ्या कागदावर ८२८ आणि क्रीम कागदावर ७७६ पानं. महाकादंबरी लिहिणाऱ्यांनी हा आकडा आधीच बघून ठेवावा, कारण मालिकेच्या मधल्या भागात कागद किंवा आकार बदलला तर कपाटातली रांग विसंगत दिसते आणि संग्रह करणारे वाचक त्याने खरोखर नाराज होतात.

देवनागरीसाठी. हस्तलिखित सुरुवातीपासून युनिकोडमध्ये असू द्या. युनिकोडपूर्व फाँटमधला मजकूर ई-पुस्तकात निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन बसतो. परिवर्तक वापरला असेल तर रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरं पानोपानी तपासा, मोडतात ती हीच. इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम होत असेल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा अक्षरजुळणीचा पर्याय निवडलेला हवा, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात. फाँटचा परवानाही बघा. छपाईची परवानगी म्हणजे ई-पुस्तकात फाँट अंतर्भूत करायची परवानगी असेलच असं नाही. सिल ओपन फाँट परवान्याखालचे फाँट दोन्हीला चालतात.

नकाशा. कागदी पुस्तकात तो समोरासमोरच्या दोन पानांवर पसरवला तर मधला भाग बांधणीत जातो. राजधानी नेमकी तिथे असली तर ती दिसणारच नाही. चित्रकाराला मधली पट्टी रिकामी ठेवायला सांगा. छपाईला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) लागतो. ई-पुस्तकात पूर्ण नकाशा एकदा आणि त्याचे दोन-तीन मोठे केलेले तुकडे स्वतंत्र द्या. रंगीत नकाशा करड्या छटांत बदलून बघा. नदी आणि रस्ता तिथे सारखेच दिसायला लागतात.

चित्रांच्या वजनाकडेही लक्ष द्या. केडीपीवर ७० टक्के रॉयल्टीचा पर्याय घेतला तर फाइलच्या आकारमानाप्रमाणे प्रत्येक विक्रीमागे वितरणखर्च कापला जातो. चार अवाढव्य नकाशे हा खर्च प्रत्येक प्रतीमागे वाढवत राहतात.

> तपासा: ईपब फाइल ईपबचेक या मोफत साधनातून काढा. मग किंडल प्रिव्ह्यूअरमध्ये फोन, टॅबलेट आणि ई-इंक अशा तिन्ही रूपांत उघडा. शेवटी प्रत्यक्ष फोनवर अक्षरं मोठी करून तीन प्रकरणं वाचा.

## ७. मुखपृष्ठ: दर्शनी चित्र लवकर, पूर्ण आवरण शेवटी

दर्शनी चित्राचं काम तिसऱ्या टप्प्याच्या सुमारास सुरू करा, चित्रकाराला वेळ लागतो. ई-पुस्तकासाठी केडीपी २५६० पिक्सेल उंची आणि १६०० पिक्सेल रुंदी सुचवते.

मालिकेचं मुखपृष्ठ दोन कामं करतं: शेजारी ठेवलेले भाग एकाच घरातले वाटले पाहिजेत, आणि तरीही प्रत्येक भाग वेगळा ओळखू आला पाहिजे. लेखकाच्या नावाची जागा आणि अक्षरवळण, मालिकेच्या नावाची पट्टी, भागक्रमांकाची जागा कायम ठेवा. चित्र आणि मुख्य रंग बदला. सगळे भाग अंगठ्याच्या नखाएवढे करून ओळीने लावा. त्या आकारात भागक्रमांक वाचता येत नसेल तर वाचक चुकून तिसरा भाग आधी विकत घेईल आणि नाराजीचं परीक्षण लिहील.

पूर्ण आवरण, म्हणजे मलपृष्ठ, कणा आणि मुखपृष्ठ, हे पानसंख्या पक्की झाल्यावरच. कण्याची रुंदी पानसंख्येला ठरावीक अंकाने गुणून येते. केडीपीवर काळ्या शाईच्या छपाईत पांढऱ्या कागदासाठी तो अंक ०.००२२५२ इंच, क्रीम कागदासाठी ०.००२५ इंच. ४०० पानांचं पुस्तक क्रीम कागदावर १ इंच जाड होतं, पांढऱ्या कागदावर साधारण ०.९ इंच. ६ बाय ९ इंच आकारात, क्रीम कागदावर, चारही कडांना ०.१२५ इंच ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र) धरून आवरणाची फाइल १३.२५ इंच रुंद आणि ९.२५ इंच उंच होते. आवरण बनल्यावर ४० पानं वाढवलीत तर कणा अडीच मिलिमीटरने रुंदावतो आणि त्यावरचं शीर्षक कडेला सरकतं.

चित्रकाराशी लेखी करार करा. त्यात छापील, ई-पुस्तक आणि श्राव्य अशा तिन्ही आवृत्त्यांसाठी, तसंच जाहिरातीसाठी वापर करण्याचा हक्क असावा. स्तर न मिटवलेली मूळ फाइल मिळेल हेही लिहून घ्या. पाचव्या भागापर्यंत तोच चित्रकार उपलब्ध असेल याची खात्री नसते, आणि मूळ फाइल नसेल तर नव्या चित्रकाराला सगळ्या भागांची मुखपृष्ठं पुन्हा करावी लागतात.

## ८. नोंदणीची माहिती: एकही अक्षर वेगळं नको

दुकानांच्या यंत्रणा मालिकेचं नाव अक्षरशः जुळवतात. एका भागात 'राखेचं राज्य' आणि दुसऱ्यात 'राखेचे राज्य' लिहिलंत तर यंत्रणेच्या दृष्टीने या दोन मालिका. आधीच्या भागाच्या नोंदीतून नाव कॉपी करा, टंकू नका. लेखकाचं नावही तसंच. आद्याक्षरांतला एक टिंब फरक पाडतो.

केडीपीत मालिकेचं स्वतंत्र पान असतं. मुख्य भाग क्रमांकाने येतात. जोडकथा, पूर्वकथा, संग्रह हे संबंधित साहित्य म्हणून जोडता येतात. क्रम प्रकाशनाचा धरायचा की कथेतल्या काळाचा, हे एकदाच ठरवा. मी नेहमी प्रकाशनाचाच सुचवते, कारण वाचकाची उत्कंठा त्याच क्रमाने रचलेली असते.

शीर्षकाच्या रकान्यात शीर्षकच लिहा. 'अद्भुत महागाथा' वगैरे विशेषणं नकोत. मुखपृष्ठावरचं आणि नोंदीतलं शीर्षक जुळलं नाही तर पुस्तक अडवलं जातं. कागदी आवृत्ती एकदा प्रकाशित झाली की शीर्षक, लेखकाचं नाव, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) आणि पुस्तकाचा आकार बदलता येत नाहीत. त्या पानावरचं बटण दाबण्याआधी दुसऱ्या कोणालातरी मोठ्याने वाचायला सांगा.

परिचयाचा मजकूर लिहिताना हा कितवा भाग आहे ते पहिल्या दोन ओळींत सांगा, आणि आधीच्या भागातलं सर्वांत मोठं रहस्य फोडू नका. पहिला भाग घ्यावा का, या विचारात असलेला वाचकही हाच मजकूर वाचतो.

केडीपीवर आयएसबीएनचा हिशेब असा: ई-पुस्तकाला तो बंधनकारक नाही, कागदी पुस्तकाला लागतो. त्यांचा मोफत क्रमांक त्यांच्या यंत्रणेबाहेर वापरता येत नाही, म्हणून इतर छपाई-वितरकांकडेही पुस्तक द्यायचं असेल तर स्वतःचा क्रमांक घ्या. मऊ बांधणी, पक्की बांधणी आणि ईपब यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. टंकनदोष दुरुस्त केल्याने नवा क्रमांक लागत नाही.

मजकूर, चित्र किंवा भाषांतर कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण केलं असेल तर केडीपीला तसं कळवणं आवश्यक आहे. मुखपृष्ठ बाहेरून करून घेतलं असेल तर चित्रकाराला स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी ठेवा.

## ९. एकाच दुकानात की सगळीकडे

हा निर्णय संपूर्ण मालिकेसाठी एकच असावा. केडीपी सिलेक्टमध्ये ई-पुस्तक ९० दिवसांसाठी फक्त ॲमेझॉनला द्यावं लागतं. ही अट कागदी पुस्तकाला लागू नाही. मुदत आपोआप वाढते, ते थांबवायचं तर आधीच खूण काढावी लागते. बदल्यात पुस्तक किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या वाचनसेवेत येतं, तिथे वाचल्या गेलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात.

पहिले दोन भाग सर्व दुकानांत आणि तिसरा फक्त ॲमेझॉनवर, असं केलंत तर बाकीच्या दुकानांतल्या वाचकांना तुम्ही मालिकेच्या मधोमध सोडून दिलं. सिलेक्टमध्ये जायचं असेल तर आधी सगळ्या भागांची इतर दुकानांतली विक्री थांबवा, ती पानं खरोखर गेली का ते पाहा, मगच नोंद करा.

## १०. छापील प्रूफ

पडद्यावर दिसणारं पूर्वदर्शन पुरेसं नाही. प्रूफ प्रत मागवा आणि आधीच्या भागांशेजारी उभी करा. कण्यावरची शीर्षकं एका उंचीवर येतात का? मुखपृष्ठाचा झिलईदार किंवा मॅट थर तोच आहे का? कागदाचा रंग जुळतो का? नंतर आत जा: नकाशा, प्रकरणांची सुरुवात, पानक्रमांक, एकटी पडलेली शेवटची ओळ.

मुद्रितशोधन याच प्रतीवर, पेन घेऊन. दुरुस्ती केल्यावर पानसंख्या बदलली का ते बघा. बदलली असेल तर आवरणाची फाइल नवी लागेल. त्याच दुरुस्त्या ईपबमध्येही करायच्या असतात, आणि हे विसरलं जातं. दोन्ही फाइलींच्या नावात तारीख ठेवा.

## ११. तारीख जाहीर करणं आणि प्रकाशन

केडीपीवर ई-पुस्तकाची पूर्वनोंदणी एक वर्ष आधीपर्यंत लावता येते, पण अंतिम फाइल प्रकाशनाच्या निदान ७२ तास आधी पोचली पाहिजे. पूर्वनोंदणी रद्द केली तर वर्षभर ती सोय मिळत नाही. मजकूर गोठलेला असेल आणि प्रत-संपादन संपलेलं असेल तेव्हाच तारीख द्या. वाचकांनी वाट पाहिलेली असते; त्यांना एक उशिराची पण खरी तारीख मिळणं जास्त चांगलं.

आगाऊ प्रती परीक्षण लिहिणाऱ्या वाचकांना चार ते सहा आठवडे आधी द्या. पाचशे पानांचं पुस्तक आठवड्यात वाचून होत नाही. परीक्षणाच्या बदल्यात पैसे किंवा भेट देऊ नका, नातेवाइकांना लिहायला सांगू नका. ॲमेझॉन अशी परीक्षणं काढून टाकतं आणि त्याचा फटका खात्यालाही बसू शकतो.

कागदी आवृत्ती ई-पुस्तकाच्या काही दिवस आधी मंजुरीला पाठवा. तपासणीला वेळ लागतो, आणि दोन्ही आवृत्त्या एकाच पानावर जोडल्या गेल्या आहेत हे बघून घ्यायला अवधी हवा.

## १२. जुन्या भागांचं काम, त्याच आठवड्यात

नव्या भागाबरोबर पहिल्या भागाची विक्रीही हलते. मालिकेचा तिसरा भाग निघाला हे कळल्यावर नवा वाचक पहिल्या भागाच्या पानावर जातो, म्हणून जाहिरातीचा मोठा वाटा पहिल्या भागावर खर्च करा. सिलेक्टमध्ये असाल तर ९० दिवसांत ५ दिवस पुस्तक मोफत ठेवता येतं; ते दिवस पहिल्या भागासाठी वापरा.

मग प्रत्येक जुन्या भागाची फाइल उघडा. शेवटच्या पानात 'पुढचा भाग लवकरच' असं असेल तिथे नव्या भागाचं नाव आणि दुवा घाला. पुस्तकांची यादी अद्ययावत करा. पहिल्या टप्प्यात सापडलेले टंकनदोष आत्ताच काढून टाका, पण कथेतली तथ्यं बदलू नका. सुधारित फाइल नव्या खरेदीदारांना मिळते. आधी घेतलेल्यांच्या उपकरणावर ती आपोआप पोचेलच असं नाही, आणि छापील प्रती तर तशाच राहतात. दोन वाचकांकडे दोन वेगळ्या कथा असतील, तर पुढच्या भागात तुम्ही कोणती धरणार?

प्रकाशनानंतर पंधरा दिवस वाचकांकडून येणाऱ्या चुकांची यादी करत राहा आणि एकदाच दुरुस्ती करा. रोज नवी फाइल चढवू नका. विसंगतीच्या तक्रारी वेगळ्या काढून कथाविश्वाच्या वहीत संदर्भासह लिहा. नव्या भागात आलेली नावं, अंतरं, जादूचे नियम आणि उघडे धागेही त्याच वेळी, पुस्तक डोक्यात ताजं असतानाच नोंदवा.